वाचकांचे प्रश्न : वीसचा पाईप आणि नऊ वायरी

प्रश्न : आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. स्वयंपाकघराचं काम काढलंय. भिंती फोडल्याच आहेत, म्हणून वायरिंगही नवं करतोय. डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून) ओट्याकडे वायरमन 20 मिमीचा एकच पाईप टाकणार आहे. त्यातून फ्रिज-मिक्सरची लाईन, इंडक्शन-मायक्रोवेव्हची लाईन आणि पलीकडच्या बाथरूममधल्या गीझरची लाईन, अशा नऊ वायरी जायच्या आहेत. वाटेत दोन वळणं आहेत. "जातात हो मॅडम, मी ओढून देतो," असं त्याचं म्हणणं. यजमानांना ते पटलंय, मला नाही.
*– एक वाचक, नेरूळ*

उत्तर : ताई, वायरी जातील, त्यात तो खोटं बोलत नाही. शंखजिऱ्याची पूड लावून एकाने ढकललं, दुसऱ्याने ओढलं की वीसच्या पाईपातून बरंच काही जातं. पण त्या ओढाताणीत बेंडवर एखाद्या वायरीचं इन्सुलेशन सोललं, तर ते भिंतीआड कुणाला दिसणार? आणि पाच वर्षांनी एक वायर बदलायची वेळ आली तर ती एकटी निघणार नाही, सगळा जुडगा निघेल. किंवा तोही निघणार नाही.

आता हिशेब. अडीच स्क्वेअरची वायर (आतल्या तांब्याचा छेद अडीच चौरस मिमी) इन्सुलेशनसकट साधारण 3.6 मिमी जाडीची असते, चार स्क्वेअरची 4.2. अडीचच्या सहा आणि गीझरसाठी चारच्या तीन धरल्या तर सगळ्या मिळून सुमारे 103 चौरस मिमी जागा व्यापतात. वीसचा पाईप बाहेरून वीस. मीडियम जाडीचा घेतला तर आतून 17 च्या आसपास, म्हणजे जागा सुमारे 227. तुमचा पाईप 45 टक्के भरतो. तीन किंवा त्याहून जास्त वायरींसाठी 40 टक्क्यांची मर्यादा सगळीकडे सांगितली जाते, ती अमेरिकेच्या नियमातली आहे. तिच्यातही हे बसत नाही.

आपल्याकडे मी तो टक्केवारीचा हिशेब शेवटी करतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशात एक तक्ता आहे, आधी तो बघतो. तो जास्त कडक आहे आणि त्यात वळणांचा विचार आहे. दोन बॉक्समधलं अंतर सव्वाचार मीटरच्या आत आणि पाईप जवळजवळ सरळ असेल, तर वीसच्या पाईपात अडीचच्या 5 वायरी चालतात. वळण आलं की 3. चारच्या वायरी सरळ पाईपात 3, वळणात 2. पंचवीसच्या पाईपात वळण धरून अडीचच्या 6, चारच्या 5. बत्तीसच्यात अनुक्रमे 10 आणि 8. तुमच्याकडे दोन वळणं आहेत, म्हणजे नऊ वायरी पंचवीसच्या एका पाईपातही बसत नाहीत. बत्तीसच्यात त्रैराशिकाने कशाबशा बसतात. पण चार इंची भिंतीत बत्तीसच्या पाईपासाठी झिरी मारायची म्हणजे भिंत एक तृतीयांशाहून जास्त कोरली जाते. ते मी करू देत नाही.

जागेपेक्षा मला काळजी उष्णतेची. अडीचच्या तांब्याच्या वायरीची एकच लाईन पाईपात असेल, तर ती 30 अंश तापमानाला सुमारे 24 अँपिअर वाहते. मे महिन्यात आपल्याकडच्या पश्चिमेच्या भिंतीत 40 अंश धरा, ती 21 वर येते. त्याच पाईपात तीन लाईनी शेजारीशेजारी तापायला लागल्या की 0.7 ने गुणायचं. उरले साडेचौदा. आता रविवार सकाळ घ्या. इंडक्शन 2000 वॅट आणि मायक्रोवेव्ह 1200 वॅट एकाच वेळी, म्हणजे 14 अँपिअर. शेजारी 3 किलोवॅटचा गीझर 13 अँपिअर ओढतोय. वायर काठावर आली. आणि तिच्यावरचा 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) 18 अँपिअरपर्यंत तासभरसुद्धा पडत नाही, त्याची रचनाच तशी असते. म्हणजे वायर सोसते त्याहून जास्त करंट एमसीबी निमूटपणे जाऊ देतो. फ्रिजची लाईन हलकी आहे, म्हणून घर उद्या पेटणार नाही हे खरं. पण पीव्हीसीचं इन्सुलेशन 70 अंशांपर्यंतचं असतं, रोज त्याच्या जवळ जात राहिलं की ते कडक होतं, मग तडकतं.

तर दोन पाईप टाका, दोन्ही पंचवीसचे. एकात अडीचच्या दोन लाईनी, सहा वायरी. दुसऱ्यात गीझर एकटा. दोनच लाईनी सोबत असल्या की 0.7 ऐवजी 0.8 ने गुणायचं, मग अडीचची वायर साडेसोळाच्या वर राहते आणि 16 चा एमसीबी तिच्यावर शोभतो. यजमानांना सांगा, फरक थोड्या पाईपाचा आणि एका जास्तीच्या झिरीचा आहे. टाईल्स लागल्यावर हेच काम कितीला पडेल ते त्यांनीच विचारून बघावं.

वायरमनला आणखी तीन गोष्टी सांगा. पाईप आधी, प्लास्टर नंतर आणि वायर सगळ्यात शेवटी. वायर घालून पाईप बसवायचा नाही. सांधा फक्त बॉक्समध्ये, पाईपात नाही. आणि एका लाईनची फेज, न्यूट्रल, अर्थिंग तिन्ही एकाच पाईपातून. जागा नाही म्हणून गीझरचा न्यूट्रल फ्रिजच्या लाईनला जोडून वायर वाचवणारे लोक मी पाहिलेत. मग आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) कधी का पडतो ते कुणालाच कळत नाही.

काम झाल्यावर ओट्याच्या बॉक्सपाशी एकाला उभं करा आणि डीबीपाशी एकच वायर हाताने हळू ओढायला सांगा. पलीकडे तीच वायर सरकलेली दिसली पाहिजे. बाकीच्याही सोबत हलल्या तर पाईप भरलाय. मजुरी त्यानंतर द्या.

प्रश्न : घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलाय. इंटरनेटची केबल उघडी दिसते. पंख्याच्या पाईपात जागा आहे, तिच्यातून नेली तर चालेल का?
*– एक वाचक, ठाणे*

उत्तर : नाही. त्या केबलचं आवरण 230 व्होल्टच्या वायरीशेजारी राहण्यासाठी केलेलं नसतं. टीव्ही, इंटरनेट, इंटरकॉमचा पाईप वेगळा. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे बिल्डरने तो बहुधा दिलेला असतो, झाकण काढून बघा. नसेल तर स्कर्टिंगवरून पट्टी न्या.

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात लोखंडी पाईप आहेत. वायर बदलायला गेलो तर निघेचना. वायरमन पाईपात ग्रीस सोडू म्हणतो.
*– एक वाचक, ठाणे*

उत्तर : ग्रीस, तेल काही सोडू नका. पीव्हीसीचं इन्सुलेशन त्याने बिघडतं. बॉक्सची झाकणं उघडून शंखजिऱ्याची पूड फुंका आणि दोन बॉक्समधला एकेक तुकडा वेगळा ओढून बघा. अडकतं ते बहुतेक एल्बोत.

दोन-चार प्रयत्नांत हललं नाही तर तो पाईप सोडून द्या. जुने लोखंडी पाईप आतून गंजलेले असतात आणि गंजाचे पोपडे नवी वायर सोलतात. शिवाय इतक्या जुन्या कामात अर्थिंगची वेगळी वायर बहुधा नसते, पाईपालाच अर्थ मानलेलं असतं. सांधे गंजले की तो अर्थही तुटतो. भिंत फोडायची नसेल तर वरून पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी मारा, प्रत्येक लाईनला अर्थिंगची हिरवी वायर स्वतंत्र द्या आणि हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. जुन्या पाईपातल्या वायरी डीबीपाशी तोडून टोकं बंद करायला लावा. भिंतीत नुसत्या पडून असलेल्या जिवंत वायरीवर पुढे कुणीतरी ड्रिल मारतोच.