‘हाय स्ट्रीट’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्लंडमधील दुकानदारीवरचा एक लेख मराठीत आणताना एका वाचकांना ‘डेथ ऑफ द हाय स्ट्रीट’ या शब्दप्रयोगाने अडवले. त्याचे ‘उच्च रस्त्याचा मृत्यू’ असे भाषांतर त्यांच्या पाहण्यात आले होते आणि ‘उच्चभ्रू बाजारपेठेची अखेर’ असेही त्यांनी कुठेतरी वाचले होते. यांपैकी बरोबर कोणते, आणि ‘पेठ’ हा आपला जुना शब्द इथे वापरता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही भाषांतरे टाकून द्यावीत. त्यातही पहिले केवळ विनोदी आहे, दुसरे मात्र अर्थाचा अनर्थ करणारे आहे. ‘पेठ’ चालेल, पण सर्वत्र नाही.

या नावातला ‘हाय’ उंचीचाही नव्हे आणि प्रतिष्ठेचाही नव्हे. तो ‘प्रमुख’, ‘मुख्य’ अशा अर्थाचा आहे. ‘स्ट्रीट’ हा शब्द लॅटिनमधून, फरसबंदी केलेल्या वाटेच्या ‘स्ट्राटा’ या नावावरून इंग्रजीत आला, आणि गावातून जाणाऱ्या मुख्य वाटेला ‘हाय स्ट्रीट’ म्हणण्याचा प्रघातही फार जुना आहे. ‘हायवे’मध्ये हाच ‘हाय’ आहे. त्याचा आपण ‘महामार्ग’ केला, ‘उच्च मार्ग’ केला नाही, आणि ते अगदी योग्य झाले. ‘हाय कोर्ट’चे ‘उच्च न्यायालय’ खपून गेले, कारण न्यायालयांची एकावर एक अशी उतरंड असते. बाजाराच्या रस्त्यांना तशी उतरंड नसल्याने तिथे ‘उच्च’ हा शब्द नुसता लोंबकळत राहतो.

ब्रिटनमध्ये हे विशेषनामही आहे आणि सामान्यनामही. रस्त्यांच्या नावांत ‘हाय स्ट्रीट’ हे तिथे सर्वाधिक आढळणाऱ्या नावांपैकी एक आहे. ऑक्सफर्डमध्ये तर लोक त्याला नुसते ‘द हाय’ म्हणतात. नैर्ऋत्येकडील डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांत त्याच रस्त्याला ‘फोअर स्ट्रीट’ म्हणण्याची पद्धत आहे, पण तिथलेही वर्तमानपत्र व्यापाराविषयी लिहिताना ‘हाय स्ट्रीट’च लिहील. याचे कारण असे की एका रस्त्याचे हे नाव पुढे त्या रस्त्यावरच्या व्यवहारालाच चिकटले. खाटीक, बेकरी, औषधांचे दुकान, टपाल कचेरी, दोन-तीन बँका, चपलांचे दुकान आणि देशभर शाखा असलेली पाच-सहा मोठी दुकाने असा जो सर्वसामान्य गिऱ्हाइकाचा बाजार, त्या सगळ्याला मिळून ‘द हाय स्ट्रीट’ म्हणतात. त्यामुळे ‘हाय स्ट्रीट बँक’ म्हणजे पगार जमा करायला आणि घरासाठी कर्ज काढायला चारचौघे जिथे जातात ती नेहमीची बँक, आणि ‘हाय स्ट्रीट फॅशन’ म्हणजे नामांकित रचनाकारांच्या महागड्या कपड्यांच्या उलट, सर्वांच्या खिशाला परवडणारे तयार कपडे. या व्यवहाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून ज्या वूलवर्थ्स या दुकानसाखळीचे नाव घेतले जाते, तिचे ब्रिटनमधले पहिले दुकान १९०९ मध्ये लिव्हरपूलला उघडले आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे सहा पेन्सच्या वर कोणत्याही वस्तूची किंमत नसे, हीच त्या दुकानाची ख्याती होती. पुढच्या पिढ्यांना ते आठवते ते चॉकलेट-गोळ्यांच्या उघड्या कप्प्यांसाठी, ज्यांतून हव्या त्या गोळ्या कागदी पिशवीत भरून घ्यायच्या आणि वजनावर पैसे द्यायचे. यात उच्चभ्रू ते काय?

मग ‘उच्चभ्रू’ आले कोठून? ते आपल्याकडच्या बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींतून आले, असे माझे मत आहे. मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलचे नाव कित्येक वर्षे ‘हाय स्ट्रीट फिनिक्स’ होते, आणि पुण्यात बालेवाडीला उपाहारगृहांनी भरलेला जो झगमगीत पट्टा आहे तोही ‘हाय स्ट्रीट’च. ब्रिटनमध्ये ज्या मॉलनी हाय स्ट्रीटचे गिऱ्हाईक पळवले त्याच मॉलला आपण ‘हाय स्ट्रीट’ असे नाव द्यावे, यापरता शब्दाचा उफराटा प्रवास क्वचितच सापडेल. भारतीय इंग्रजीत तो अर्थ आता रुळला आहे आणि त्याच्याशी भांडण्यात हशील नाही. मात्र ब्रिटनविषयीच्या लेखात तो शिरला की ‘सर्वांच्या बाजाराला अवकळा आली’ या बातमीची ‘श्रीमंतांची दुकाने बंद पडली’ अशी बातमी होते.

आता मराठी पर्यायांकडे वळू. ‘पेठ’ हा शब्द मोहक आहे यात शंका नाही. पेशवाईत पेठ वसवताना व्यापाऱ्यांना सवलतींचा कौल दिला जाई, तिथले शेटे-महाजन बाजाराचा कारभार पाहत, आणि त्या अर्थाने पेठ म्हणजे मुळात बाजारच. तथापि आजच्या बोलण्यात, विशेषतः पुण्यात, पेठ हा राहण्याचा भाग झाला आहे. ‘आम्ही सदाशिव पेठेत राहतो’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही, आणि त्या वाक्यात दुकानांचा मागमूसही नसतो. ‘बाजारपेठ’ हा जोडशब्द हा दोष टाळतो, पण त्याला दुसरा दोष जडला आहे: ‘जागतिक बाजारपेठ’, ‘मोटारींची बाजारपेठ’ अशा वापरामुळे तो अर्धाअधिक अमूर्त झाला आहे. म्हणून रस्ता अभिप्रेत असेल तेथे ‘गावातला मुख्य बाजाररस्ता’ असे लिहावे, किंवा सरळ ‘मेन रोड’ म्हणावे. नाशिकचा मेन रोड, साताऱ्याचा राजपथ, कोल्हापूरचा महाद्वार रोड, पणजीचा अठरा जून रस्ता, पुण्याचा लक्ष्मी रस्ता हे सगळे इंग्रजी अर्थाने ‘हाय स्ट्रीट’च आहेत, त्यांतला नाशिकचा ‘मेन’ तर त्या ‘हाय’चा सख्खा भाऊ शोभावा. आणि जिथे रस्ता नव्हे तर एकूण व्यवहार अभिप्रेत आहे, तिथे ‘गावोगावच्या बाजारपेठा’ असे अनेकवचन वापरले की अमूर्तपणा आपोआप जातो.

‘टाउन सेंटर’ याही शब्दाबद्दल याच ओघात सांगितले पाहिजे, कारण तो त्या लेखात असणारच. ‘नगर केंद्र’ किंवा ‘शहराचे केंद्र’ हे शब्द विकास आराखड्यात ठीक दिसतात, बोलण्यात कोणी वापरत नाही. कोथरूडचा माणूस लक्ष्मी रस्त्याला निघाला की ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो, आणि इंग्रजी बोलणाराही अशा वेळी ‘इन्टू टाउन’ जातो. संवादात हा पर्याय बिनदिक्कत घ्यावा. लेखनासाठी ‘मध्यवस्ती’ हा उत्तम शब्द आहे, परंतु ब्रिटनच्या बाबतीत त्यातल्या ‘वस्ती’वर थोडे अडखळायला होते. आपल्याकडे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही जुन्या बाजारांची रीत होती. तिथे मात्र अनेक गावांत दुकानांवरचे मजले मालाच्या कोठारासाठी वापरले जात किंवा रिकामेच पडून राहत, आणि दुकाने बंद झाली की रस्ता सुनसान होई. इंग्लंडमध्ये २०२० साली दुकान, उपाहारगृह, कार्यालय आणि व्यायामशाळा यांचा नियोजनाच्या नियमांत एकच वर्ग करण्यात आला आणि पुढच्या वर्षी त्या वर्गातल्या जागांची घरे करणे सोपे झाले. तेव्हा ‘मध्यवस्ती’ हा शब्द तिथे हळूहळू खरा ठरू लागला आहे, असे म्हणता येईल. त्या घरांच्या दर्जाविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, पण तो आपला विषय नव्हे.

खरी कसोटी आहे ती ‘डेथ’ या शब्दाची. मराठीत बाजार मरत नाही. त्याला उतरती कळा लागते, तो ओस पडतो, त्याची रया जाते, त्याला अवकळा येते. हे चारही प्रयोग आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण त्यांच्यात फरक आहे आणि भाषांतरकाराने तो पाळावा. ‘उतरती कळा’ ही दीर्घकाळ चालणारी क्रिया आहे. गेट्सहेडजवळचे मेट्रोसेंटर १९८६ मध्ये, शेफील्डचे मेडोहॉल १९९० मध्ये आणि केंटमधले ब्लूवॉटर १९९९ मध्ये उघडले. मुबलक वाहनतळ असलेल्या अशा मॉलनी आणि पुढे घरबसल्या खरेदीने गावातल्या दुकानांचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे कमी होत गेले, याला ‘उतरती कळा’ हाच शब्द हवा. ‘ओस पडणे’ माणसांच्या नसण्याशी जोडलेले आहे, म्हणून ते करोनाकाळातल्या टाळेबंदीच्या वर्णनाला शोभते. ‘रया जाणे’ यात पूर्वीच्या वैभवाची आठवण असते. बीएचएस आणि डेबनहॅम्स या देशभर पसरलेल्या मोठ्या दुकानसाखळ्या. पहिलीची १६४ दुकाने २०१६ मध्ये आणि दुसरीची उरलीसुरली भव्य दुकाने २०२१ मध्ये बंद झाल्यावर ज्या चौकांत त्यांच्या मोठाल्या काचा आतून कागद लावून झाकल्या गेल्या, त्या चौकांची रया गेली. डेबनहॅम्सचे नाव तेवढे ऑनलाइन विक्रीसाठी दुसऱ्याने विकत घेतले. दुकान गेले, पाटी राहिली.

परंतु जागा रिकाम्याच राहिल्या असे नाही. त्या जागी धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने, न्हावी, नखे रंगवणारी दालने, ई-सिगारेटवाले, कॉफीची दुकाने आणि एका पौंडात वस्तू विकणारे आले. हे मरण नव्हे, रूप पालटणे आहे, आणि ते आवडत नसेल तर त्याला ‘अवकळा’ म्हणावे. तो शब्द वर्णन आणि नापसंती दोन्ही एकदम व्यक्त करतो. शिवाय काही बाजाररस्ते चांगले भरलेले आहेत. लंडनच्या वेम्बली भागातील ईलिंग रोडवर साड्या, दागिने आणि भाजीपाला घ्यायला लंडनमधील मराठी कुटुंबेही जातात, आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीत पाऊल ठेवायला जागा नसते. तेथील वाचकासमोर ‘बाजारपेठांचा मृत्यू’ असे सरसकट लिहिले तर तो हसेल.

याच विषयातले आणखी दोन शब्द ठेच लागण्याजोगे आहेत. कंपनी ‘ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली’ याचे ‘दिवाळे निघाले’ असे भाषांतर सर्रास होते. वस्तुतः तिथे कंपनीचा ताबा एका परवानाधारक प्रशासकाकडे जातो, आणि धंदा वाचवता आला तर वाचवणे, नाही तर घेणेकऱ्यांच्या पदरात शक्य तेवढे पाडणे हे त्याचे काम असते. सहकारी बँकांमुळे ‘प्रशासक नेमला’ हा शब्दप्रयोग मराठी वाचकाच्या कानावर आहेच, तोच वापरावा. वूलवर्थ्सवर नोव्हेंबर २००८ च्या अखेरीस प्रशासक आला आणि ६ जानेवारी २००९ रोजी शेवटच्या दुकानांना टाळे लागले. विल्को या घरगुती वस्तूंच्या दुकानसाखळीवर ऑगस्ट २०२३ मध्ये प्रशासक आला आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे चारशे दुकानांचा कारभार आटोपला. दोन्हींत मधले काही आठवडे दुकाने चालू होती, त्यामुळे आधीच ‘दिवाळे निघून बंद पडली’ असे लिहिले तर पुढची वाक्ये जुळत नाहीत.

दुसरा शब्द ‘बिझनेस रेट्स’. याला ‘व्यवसाय कर’ म्हणू नये, कारण महाराष्ट्रात व्यवसाय कर म्हणजे पगारातून कापला जाणारा कर. ब्रिटनमधला हा कर जागेवरचा आहे आणि त्या जागेचे वर्षाचे भाडे किती येईल या अंदाजावर तो बसवला जातो. साहजिकच भर बाजारातल्या दुकानाला तो जड जातो, तर गावाबाहेरच्या गोदामातून माल पाठवणाऱ्याला चौरस फुटामागे पुष्कळ कमी पडतो, आणि दुकानदारांची जुनी तक्रार नेमकी हीच आहे. ‘व्यापारी जागेवरील मालमत्ता कर’ असे लिहिले म्हणजे ही तक्रार मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.