‘लाइन कट गयी’

“घरी बरे होते हो. दवाखान्यात नेलं आणि डोकंच फिरलं. आता हे असंच राहणार का?”

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला ॲडमिट केलं की घरच्यांचा हा प्रश्न ठरलेला. अशा घरच्यांशी बोलणं हे माझं काम, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी ऐकते. माजी सैनिकांच्या घरी त्याला एक शेपूट असतं: “त्यांना परत लढाई दिसायला लागलीये.” या शेपटाने एकदा मलाही फसवलं, ती ही हकीकत. घरच्यांची परवानगी आहे; ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सातारा जिल्ह्यातले निवृत्त सुभेदार, वय ७६. तोफखान्यातले. १९७१ला शकरगडच्या बाजूला पंचवीस पाउंडर तोफेवर होते. स्मृतिभ्रंशाचं निदान चार वर्षांपूर्वीचं, पण घरी नीट चाललं होतं. नातवाचं नाव विसरायचे, पण पहाटे पाचला उठून पांघरुणाची काटकोनात घडी घालायला कधी चुकले नाहीत. लघवीच्या संसर्गाने ताप चढला. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून पत्र घेऊन मुलाने पुण्यातल्या एका रुग्णालयात दाखल केलं. तिसऱ्या रात्री साहेबांनी सलाईन उपटली, वॉर्डबॉयच्या थोबाडीत दिली. चौथ्या दिवशी दोन्ही हात क्रेप बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधलेले.

मुलगा मला खालच्या कँटीनमध्ये भेटला. “मॅडम, बाबा एकाहत्तरात गेलेत.”

मी वही उघडली. खरं सांगायचं तर जरा हुरूपच आला. युद्धाच्या, अपघाताच्या आठवणी हा माझा जुना आवडीचा विषय. तासभर तेच विचारत राहिले: कोण साथीदार गेले, घरी त्याबद्दल काय बोलायचे, झोपेत ओरडायचे का. पाच पानं भरली. वर साहेबांचे हात बांधलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी सोबत सून आणि सासूबाई आल्या. मी वही मिटून ठेवली आणि सुनेला विचारलं, “ते रात्री नेमकं काय म्हणतात? अर्थ सांगू नका, शब्द सांगा.”

“हिंदीत बोलतात. ‘लाइन कट गयी. आवाज नहीं आ रहा. लाइन जोडो.’ तेच तेच.”

“बघा,” मुलगा म्हणाला, “पुढच्या चौकीपासून तोफेपर्यंत टेलिफोनची तार टाकलेली असायची. गोळाबारीत तुटायची. बाबा सांगायचे.”

सून चहाच्या कपाकडे बघत होत्या. “पण ताई, त्यांना खरंच ऐकू येत नाहीये ना.”

“घरी येतं?”

“मशीन लावल्यावर येतं.”

“मशीन कुठंय?”

सासूबाईंनी कमरेचा बटवा काढला. सुपारी, अडकित्ता, आणि प्लास्टिकच्या पिशवीत तीन वेढे देऊन गुंडाळलेलं कानाचं यंत्र. “नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी काढून दिलं. हरवलंबिरवलं तर, म्हणून जपून ठेवलं.”

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

आयुष्य तोफांशेजारी गेलेला माणूस. कान तिथेच गेलेले. ऐकत नाहीत म्हणून वॉर्डमध्ये जो तो तोंडाजवळ येऊन ओरडत होता. त्यांच्या बाजूने बघा: अंधारी खोली, अनोळखी माणसं, ताणलेले चेहरे, आवाज नाही, आणि कुणीतरी आपले कपडे सोडतंय. मीही थोबाडीत दिली असती. ते १९७१मध्ये गेले नव्हते. आज, याच पलंगावर काय होतंय ते सांगत होते. फक्त शब्द हाताशी होते ते जुने. विचित्र वागण्याच्या पोटात एखादी साधी गरज असते, हे मी वर्षानुवर्षं इतरांना शिकवत आलेय. ‘शब्द सांगा’ हा माझा प्रश्न, त्याचं श्रेय मी घेते. उत्तर सुनेचं होतं.

यंत्राचा सेल संपलेला निघाला. नवा आणून घातला तरी ती रात्र तशीच गेली, हेही सांगायला हवं. यंत्राने संसर्ग बरा होत नाही. पण सुनेने डॉक्टरांना जे वाक्य सांगितलं त्याने पुढचं हललं: “हे चार वर्षांतलं नाही, चार दिवसांतलं आहे.”

हे वाक्य पाठ करून ठेवा. तापात माणसाला वात होतो, असं आपल्याकडे जुनी माणसं म्हणत; डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश वर्षांच्या हिशेबाने वाढतो, डेलिरियम तासादिवसांत येतो, सकाळी ओसरतो आणि रात्री उसळतो. दोन्ही एकत्र असले की ‘आजार वाढला’ म्हणून सोडून दिलं जातं. कारण शोधलं तर बहुतेकदा सापडतं: संसर्ग, पाणी कमी पडणं, अडलेली लघवी, न सांगता आलेलं दुखणं. साहेबांना पाच दिवस शौचाला झाली नव्हती. वर झोपेसाठी दिलेली गोळी. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या अशा मेंदूला आणखी गोंधळात टाकतात, म्हणून नवीन काय सुरू केलंय ते विचारायचंच. लघवीची नळी घातली असेल तर कधी काढणार, हेही.

आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. मला जास्त भीती वाटते ती ‘आता शांत झालेत’ म्हणून सांगितलेल्यांची. न जेवता, न बोलता दिवसभर पेंगणं हाही डेलिरियमच असू शकतो.

हात बांधण्याबद्दल भांडू नका, पण विचारा: कशासाठी, किती वेळ, आणि आमच्यापैकी एक जण शेजारी बसला तर सोडाल का? साहेबांचे हात तसेच सुटले. रात्रपाळीला रोज नवा पाहुणा पाठवू नका, एकदोन ठरलेली माणसं बरी. चष्मा, कवळी, यंत्र बटव्यात नाही, अंगावर. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद. आणि ‘लाइन कट गयी’ला ‘बाबा, लढाई संपली’ असं उत्तर देऊ नका. सून समोर बसायच्या, चेहरा दिसेल असं, आणि म्हणायच्या, “लाइन जोडली साहेब. आवाज येतोय?”

नर्सबाईंना मी एकच सुचवलं: आजोबा नको, सुभेदार साहेब म्हणा, आणि सकाळी चादर घडी घालायला द्या.

मुलगा शेवटी विचारायचं ते विचारून मोकळा झाला: “मीच आणलं ना इथं?” नसतं आणलं तर तो संसर्ग अंगभर पसरू शकला असता, मी म्हणाले. घरी गेल्यावर पूर्ववत होतील का, याचं गोड उत्तर मी दिलं नाही. काही जण आठवड्यात सावरतात, काहींना महिने लागतात, काही पूर्वीच्या जागी परत येत नाहीत. साहेब बरेचसे आले. गोठ्यापर्यंतची चक्कर मात्र आता काठी आणि सोबतीने.

सहा महिन्यांनी त्यांना न्यूमोनिया झाला. सुनेचा मेसेज रात्री पावणेबाराला, कॅज्युअल्टीतून: “ताई, ॲडमिट करतोय. यंत्र कानात आहे. जादा सेल माझ्या पर्समध्ये. सासूबाईंचा बटवा घरी ठेवलाय.”