वाचक विचारतात : ‘बंदुकाच होत्या, मला आठवतंय!’

प्रश्न : ‘ई. टी.’ पहिल्यांदा लागला तेव्हा मी तो थिएटरात पाहिला होता. शेवटच्या पाठलागात सरकारी माणसांच्या हातात बंदुका होत्या, हे मला लख्ख आठवतं. परवा मुलीनं जुनी डीव्हीडी लावली, तर त्यांच्या हातात वॉकीटॉकी! मुलगी म्हणते, ‘बाबा, तुम्ही दुसराच कुठला तरी सिनेमा आठवताय.’ माझं वय 67 आहे, त्यामुळे मला जरा काळजी वाटली.

उत्तर : काळजी सोडा आणि मुलीला हा अंक दाखवा. बंदुकाच होत्या. 1982 च्या या सिनेमाला वीस वर्षं झाली म्हणून 2002 साली स्पीलबर्गनी नवी आवृत्ती काढली. मुलांसमोर बंदुका घेतलेली माणसं त्यांना खटकत होती, म्हणून संगणकावर बंदुका पुसून तिथे वॉकीटॉकी बसवल्या. आईच्या एका वाक्यातला ‘दहशतवादी’सुद्धा ‘हिप्पी’ झाला. पुढे त्यांना स्वतःलाच हे पटेनासं झालं आणि 2012 च्या ब्लू-रेवर बंदुका परत आल्या. मुलीनं डिस्कवर पाहिलं तेही खोटं नाही.

असे घोळ भरपूर आहेत. ‘स्टार वॉर्स’ 1977 साली लागला तेव्हा सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात ‘एपिसोड चार’ नव्हतंच, ते 1981 मध्ये घातलं. 1997 मध्ये तर प्रसंगच बदलले. मूळ रूप 2006 साली डीव्हीडीवर दिलं खरं, पण जोडडिस्क म्हणून, तेही डीव्हीडीच्या आधीच्या जुन्या लेसरडिस्कसाठी केलेल्या व्हिडिओवरून. मुख्य डिस्क चकचकीत आणि मूळ सिनेमा मात्र पाहुण्याला दिलेल्या फाटक्या सतरंजीसारखा. दिग्दर्शकाला आपला सिनेमा बदलायचा हक्क आहे, असं मी मानतो. जुना सिनेमा कपाटात कोंडून ठेवायचा हक्क आहे, असं मात्र मानत नाही.

आपल्या ‘शोले’चं उलट झालं. 1975 साली थिएटरात गब्बरला ठाकूरच्या पायाखालून सोडवायला पोलीस आले, कारण सेन्सॉरला तसा शेवट हवा होता. मूळ शेवटात ठाकूर त्याला मारतो, आणि तो लोकांनी नंतर घरी पाहिला. या शेवटावरून घराघरांत पैजा लागल्यात. कुणी हरलं असेल तर पैसे परत मागा.

प्रश्न : जुन्या कॅसेटवर चित्र पूर्ण टीव्हीभर दिसायचं. त्याच सिनेमाच्या डिस्कवर वर-खाली काळे पट्टे. चित्र कापून आमची फसवणूक का करतात?

उत्तर : कापलेली होती ती तुमची कॅसेट. आणि ते कापणाऱ्यांपैकी मी एक आहे. टेलिसिनेवर, म्हणजे फिल्मवरून व्हिडिओ करायच्या यंत्रावर, मी अठरा वर्षं काढली.

सिनेमास्कोपचं चित्र उंचीच्या 2.35 पट रुंद. जुना टीव्ही 1.33 पट. उंची पुरती भरायची तर रुंदीतलं 43 टक्के चित्र बाहेर टाकावं लागतं. कुठलं 43 टक्के, ते शॉटगणिक आम्ही ठरवायचो. एका हातात गोल नॉब, समोर मॉनिटर, आणि चौकट डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. एक जेवणाचा प्रसंग अजून आठवतो. लांबलचक टेबल, एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको. दिग्दर्शकानं सगळा संसार त्या मधल्या अंतरात मांडला होता. मी चौकट मध्यावर ठेवली, तर डावीकडे एक नाक, उजवीकडे एक नाक आणि मधे टेबलक्लॉथ. डावीकडे नेली तर नवरा एकटाच भिंतीशी बोलतोय. शेवटी एका सलग शॉटचे मी सात तुकडे केले, जो बोलेल त्याच्यावर उडी. मूळ सिनेमात तिथे एकही कट नव्हता. बायको नवऱ्याचं ऐकताना चमचा खाली ठेवते, तो खरा क्षण, आणि तो माझ्या चौकटीच्या बाहेर राहिला. कॅसेट पाहून कुणी तक्रार केली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून काळे पट्टे दिसले की रागावू नका.

एक अपवाद सांगायला हवा. पुष्कळ सिनेमे जवळजवळ चौकोनी निगेटिव्हवर घेतले जायचे आणि थिएटरात प्रोजेक्टरमधला मास्क वरचा-खालचा भाग झाकायचा. व्हिडिओ करताना तो भाग उघडला की टीव्हीवर थिएटरपेक्षा जास्त दिसायचं. कधी कधी बूम माइकसुद्धा. मग लोक दिग्दर्शकाला हसायचे. आणि कॅमेरामनचा शब्द शेवटचा मानावा, तर ‘द लास्ट एम्परर’च्या 2008 च्या डीव्हीडीला खुद्द कॅमेरामन स्तोरारो यांनीच 2.35 चं चित्र कापून 2 केलं, त्यांना तेच प्रमाण आवडतं म्हणून. इथे मी प्रेक्षकाच्या बाजूनं.

प्रश्न : दोन तासांचा सिनेमा डीव्हीडीवर 115 मिनिटांत संपतो. पाच मिनिटं कुणी कापली?

उत्तर : बहुधा कुणीच नाही. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमनी चालतो आणि पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीचा व्हिडिओ 25 नी. सोपा उपाय म्हणून सगळा सिनेमाच चार टक्के पळवतात. आवाजही सा वरून कोमल रे च्या पाऊण वाटेवर चढतो. कान तयार असेल तर नायक जरा तरुण वाटेल. ब्लू-रेवर 24 फ्रेम तशाच ठेवता येतात, तिथेही मिनिटं कमी भरली तर मात्र कात्री शोधा.

प्रश्न : नव्या ब्लू-रेवर रंगच वेगळे आहेत. रात्रीचे प्रसंग उजळ, चेहरे मेणाचे. नवं ते चांगलं ना?

उत्तर : नेहमीच नाही. आधी रात्रीचं सांगतो. जुन्या काळी रात्रीचे प्रसंग पुष्कळदा भर उन्हात घ्यायचे आणि प्रिंट काढताना काळोख करायचे. निगेटिव्हवर दिवसच असतो. ते ठाऊक नसलेला माणूस निगेटिव्हवरून छान, स्वच्छ चित्र काढून मोकळा होतो. माझ्याकडून हे एकदा झालंय: नायक लख्ख उन्हात कंदील उंच धरून ‘कोण आहे तिकडे?’ विचारतोय. साहाय्यकानं दाखवलं तेव्हा रीळ पुन्हा केलं.

रंगांचं म्हणाल, तर जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं लालभडक होतं. त्यावरून मूळ रंग काढायचा म्हणजे अंदाजाचाच खेळ. करणाऱ्यांचंही एकमत नसतं. ‘द फ्रेंच कनेक्शन’चा 2009 चा ब्लू-रे दिग्दर्शक फ्रीडकिन यांनी स्वतः गारठलेल्या, उडाल्या रंगांत काढला, तेव्हा कॅमेरामन ओवेन रोइझमन यांनी उघड निषेध केला. 2012 मध्ये तो पुन्हा काढावा लागला.

मेणाचे चेहरे ही मात्र सरळ चूक. फिल्मचा रवा म्हणजे ग्रेन. तो ‘घाण’ समजून सॉफ्टवेअरनं पुसला की त्याच्याबरोबर कातडीवरची छिद्रं आणि कापडाचा पोतही जातो. ‘प्रेडेटर’चा 2010 चा ब्लू-रे यासाठी बदनाम आहे. पण पुसणं कधी योग्यही असतं. 1953 च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये परग्रहवासीयांची यानं तारांवर टांगलेली होती. जुन्या टेक्निकलर प्रिंटच्या मऊ छायेत त्या तारा लपायच्या, पुढच्या व्हिडिओंत उठून दिसू लागल्या. 2018 च्या कामात तारा पुसल्या. म्हणजे पुसून उलट पहिल्या दिवसाच्या जवळ गेले.

डिस्कच्या मागे मूळ मोनो, म्हणजे एकाच वाटेचा, ध्वनिपट आहे का, तेवढं पाहून घ्या. नुसतं ‘5.1’, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, लिहिलं असेल तर गोळ्यांचे आवाजसुद्धा नवे भरलेले असू शकतात.

प्रश्न : लहानपणी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात मधूनच गोल ठिपका चमकायचा. आता दिसत नाही. तो काय होता?

उत्तर : तो तुमच्यासाठी नव्हताच, आमच्यासाठी होता. टेलिसिनेच्या आधी चार वर्षं मी प्रोजेक्शनच्या केबिनमध्ये होतो. रीळ जेमतेम वीस मिनिटांचं. संपायला सातआठ सेकंद उरले की पहिला ठिपका: दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करा. शेवटच्या सेकंदाला दुसरा: बदला. प्रत्येक ठिपका चार फ्रेम, सेकंदाचा सहावा भाग. तेवढ्यात जांभई आली तर पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या.

डिस्क करताना हे ठिपके पुसतात, आणि तेही मी शेकड्यांनी पुसलेत. तरी घरी जुना सिनेमा लावला की वीस मिनिटांच्या सुमाराला माझी नजर उजव्या कोपऱ्यात जाते, आणि बायको विचारते, ‘काय बघताय तिकडे?’