गिअरबॉक्स पडवीत उघडू का?

प्रश्न : मी साखळीला राहतो, शाळेतून निवृत्त झालो आहे. गुडघ्यांमुळे क्लच दाबणं जमेना, म्हणून सहा वर्षांपूर्वी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, २०१२ चं मॉडेल. हल्ली सकाळी ‘पी’वरून (पार्किंग) ‘डी’वर (ड्राइव्ह) घेतलं की धाडकन झटका बसतो. गॅरेजवाल्याने पाच मिनिटं फिरवून पाहिली आणि ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल, ऐंशी हजार धरून चला’ म्हणाला. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो म्हणतो, ‘मामा, चवथीच्या सुटीत पडवीतच उघडूया, वीस हजारांत होईल.’ करू द्यावं का?

उत्तर : गुरुजी, उघडू देऊ नका. पण पोराची हौसही मोडू नका. पडवीत बसून करण्यासारखं काम तुमच्या गाडीत आहे, आणि झटक्याचं मूळ तिथेच सापडेल असा माझा अंदाज आहे.

आधी माझी फजिती ऐका. १९९८ साली माझी या धंद्यात पंधरा वर्षं झाली होती. डिचोलीकडच्या खाणींवरचे टिपर, जीपगाड्या, अॅम्बॅसॅडर, या सगळ्यांचे गिअरबॉक्स मी उघडून जोडलेले. आखातातून परतलेल्या एका शेजाऱ्याने त्याची ऑटोमॅटिक गाडी मोठ्या विश्वासाने माझ्याकडे दिली. म्हटलं, गिअरबॉक्स तो गिअरबॉक्स! त्यातला व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भाग घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला. आत वारुळासारख्या वाटा, पेन्सिलीएवढे व्हॉल्व्ह, बारीक स्प्रिंगा आणि मटाराएवढ्या पोलादी गोळ्या. वरची पट्टी उचलली तशा गोळ्या घरभर पळाल्या. कुठल्या खळग्यात गोळी बसते आणि कुठला रिकामा सोडायचा, हे पुस्तकाशिवाय कळत नाही. पुस्तक माझ्याकडे नव्हतं. अंदाजाने जोडलं. गाडी मागे जायची, पुढे दोन गिअर टाकायची, तिसरा काही केल्या पडेना. शेवटी ट्रकवर घालून पुण्याला पाठवली आणि सगळा खर्च मी सोसला. एक गोळी त्या वर्षी चवथीच्या साफसफाईत कपाटाच्या पायाखाली सापडली. गणपतीवरची माटोळी बांधता बांधता बायकोने ती माझ्या हातात ठेवली आणि एक शब्द बोलली नाही.

साध्या गिअरबॉक्सात दात झिजला तर तो डोळ्यांना दिसतो. ऑटोमॅटिकमध्ये सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. पंप दाब तयार करतो, व्हॉल्व्ह तो हवा तिथे वळवतात आणि त्या दाबाने चकत्यांचे गठ्ठे घट्ट आवळले की गिअर पडतो. चकत्यांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. आतल्या रबरी सीलची कड बसवताना जराशी दुमडली, तर गाडी घरासमोर झकास चालेल आणि महिन्याभराने चोर्ला घाटात गिअर सोडील. इंजिनाला लागून बसणारा टॉर्क कन्व्हर्टर तर याहून फसवा. तो पंपात पूर्ण खोल बसला नसताना बोल्ट आवळले, तर पहिल्याच स्टार्टला पंप फुटतो. व्हिडिओत हे सगळं दोन सेकंदांत उरकतं.

त्यात तुमचा मुहूर्त चवथीचा, म्हणजे पावसाचा. चकत्यांवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं, डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेलं. पाण्याने ते सुटतं. आपल्याकडे त्या दिवसांत पडवीत वाळत घातलेला टॉवेलसुद्धा संध्याकाळपर्यंत ओला राहतो. आणि हे धूड जॅकवर तोलून खाली उतरवायचं म्हणजे भाच्याच्या बोटांशी खेळ.

आता त्याला काम देऊ. झटका फक्त सकाळीच बसतो की दुपारीही? थंड इंजिन सुरुवातीला जास्त फेऱ्यांवर फिरतं. फेऱ्या दाखवणारा काटा हजाराच्या बराच वर असताना ‘डी’वर घेतलं तर धक्का बसणारच. काटा सातशे-आठशेवर येईपर्यंत थांबा आणि मग घेऊन बघा. एवढ्याने झटका गेला, तर ऐंशी हजार पोस्टातच राहू द्या. इंजिन गरम झाल्यावरही काटा खाली येत नसेल, तर इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी काजळली असेल. ती साफ करायला गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

काटा नीट असेल तर इंजिनाचे माउंट बघा. हे रबरी उशांसारखे तुकडे इंजिनाला धरून ठेवतात, आणि बारा-तेरा वर्षांनी रबर फाटतंच. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय गच्च रोवा आणि ‘पी’, ‘आर’, ‘डी’ असं सावकाश फिरवा. भाच्याने बाजूला उभं राहून बघायचं. समोर अजिबात नाही, मागेही नाही. इंजिन म्हशीसारखं उसळी मारत असेल, तर दोष त्या रबराचा आहे. गिअरबॉक्सवर ढकललेले निम्मे झटके मला तरी माउंटपाशी सापडले आहेत.

मग गिअरबॉक्सचं तेल. आधी गाडीचं पुस्तक उघडा, कारण तेल मोजायची रीत प्रत्येक गाडीची वेगळी. होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन गरम करून, सपाट जागी बंद करून, ६० ते ९० सेकंदांच्या आत गेज, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघतात. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, आणि नव्या बऱ्याच गाड्यांत गेजच नसतो. गेजवरचं तेल पांढऱ्या फडक्यावर टिपा. लालसर असेल तर ठीक. तपकिरी झालं असेल तर बदलायला आलंय. काळं असून करपलेला वास येत असेल तर आतल्या चकत्या जळल्यात. आणि सोलकढीसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं, तर तेलात पाणी गेलंय. मग गाडी चालूसुद्धा करू नका. साखळीचे म्हणून मुद्दाम विचारतो, वाळवंटी नदीला पूर आला तेव्हा ही गाडी कुठे उभी होती? पहिल्या मालकाला नक्की विचारा.

तेल तपकिरी असेल तर भाच्याला बदलू द्या. खालचा, तेल सोडायचा बोल्ट काढण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघावं. रिकामा झालेला गिअरबॉक्स आणि न हलणारा वरचा बोल्ट, या जोडीने मी मोठमोठे मेस्त रडकुंडीला आलेले पाहिलेत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, पक्के स्टँड लावावेत. निघालेलं तेल मोजून घ्यायचं आणि तेवढंच नवीन घालायचं. पाच-सहा लिटरांतलं साधारण निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा, जमल्यास तिसऱ्यांदा बदलावं. बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिखल दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. चमकणारे कपचे दिसले तर मात्र मेकॅनिक गाठा. बोल्टचा वायसर नवा घाला. तेल पुस्तकात लिहिलंय तेच हवं, दुकानदार ‘चालतं सगळ्यांना’ म्हणाला तरी दुसरं घेऊ नका. ‘गिअर सुधारणाऱ्या’ बाटल्यांवर माझा विश्वास नाही. आणि जुनं तेल माडाच्या मुळात ओतू नका, तिथून तुमची विहीर लांब नसेल.

एवढं करूनही झटका राहिला तर गॅरेजवाल्याला म्हणावं, आधी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लाव आणि बिघाडाचे कोड लिहून दे. पाच मिनिटांच्या फेरीवर गिअरबॉक्स खोलायला निघालेल्या माणसाकडे मी माझी गाडी देणार नाही. खोलावाच लागला, तर जो रोज ऑटोमॅटिकच जोडतो त्याच्याकडे न्या, तो बेळगावला असो की पुण्याला. आणि त्याआधी या गाडीला आज बाजारात काय किंमत येईल, तेही विचारून घ्या.

प्रश्न : चोडणला घर, पणजीत नोकरी. एएमटी गाडी आहे. ओहोटीच्या वेळी फेरीबोटीच्या उतारावर थांबावं लागलं की जळका वास येतो. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर : तुमची गाडी वरच्या गुरुजींच्या जातीची नाही. मारुतीच्या सेलेरिओबरोबर २०१४ मध्ये हा प्रकार आपल्याकडे आला. हा साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला हातापायांऐवजी यंत्र. उतारावर तुम्ही अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरता, आणि तो वास त्या क्लच प्लेटचा. पुढची गाडी बोटीत चढेपर्यंत ब्रेक धरा, निघताना हँडब्रेक वापरा. गिअर ऑइल घरी बदलता येईल. क्लच प्लेट मात्र गॅरेजातच बदला. नवी प्लेट कुठे पकडते हे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून शिकवावं लागतं, आणि ते न करता गाडी पुढे काढली तर गचके खात जाईल.

प्रश्न : पेडण्याहून लिहितोय. काल गाडी ‘पी’वरून हलेचना. गिअरबॉक्स जाम झाला का? टोचन करून न्यावी का?

उत्तर : थांबा! ब्रेक दाबून कुणाला तरी मागचे लाल दिवे बघायला सांगा. लागत नसतील तर ब्रेक पेडलचा स्विच किंवा फ्यूज गेलाय. पाय ब्रेकवर आहे हे गाडीला कळत नाही, म्हणून ती गिअरचा दांडा सोडत नाही. बऱ्याच गाड्यांत दांड्याशेजारी छोटं झाकण असतं. ते काढून आत किल्ली दाबली, ब्रेकवर पाय ठेवला की दांडा सुटतो. टोचन करावंच लागलं तर चारही चाकं वर घेणाऱ्या गाडीवरच. इंजिन बंद असताना आतला पंप फिरत नाही, आणि दोराने ओढलेली ऑटोमॅटिक तेलावाचून कोरडी घासत जाते. दांडा सुटला म्हणून तशीच कामावर निघू नका. मागचे दिवे न लागणारी गाडी ब्रेक मारते हे मागच्या ट्रकवाल्याला कळत नाही. स्विच किंवा फ्यूज बदलूनच रस्त्यावर काढा.