वाचकांचे प्रश्न : बोट प्रेसमध्ये सापडलं, पगाराचं काय?

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात प्रेसवर बोट चिरडलं. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. नोकरीला लागून दोनच महिने झालेत, पगारातून ईएसआय (कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता) कापला जातो. काही मिळेल का?

उत्तर : मिळेल. कामावरच्या दुखापतीला हप्ते किती भरले हे बघत नाहीत; पहिल्या दिवशीचा अपघातही चालतो. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असावं, एवढीच अट. रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात, रविवार धरून. म्हणजे सरासरी 600 असेल तर दिवसाला 540, आणि 42 दिवसांचे 22,680 रुपये.

घोळ होतो तो कागदावर. कंपनीने अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखेत पाठवला नाही, तर तुमची रजा साध्या आजारपणात जाते. तिथे 70 टक्केच, तेही वर्षाला 91 दिवसांपर्यंत, आणि त्यासाठी सहा महिन्यांत 78 दिवसांचे हप्ते लागतात. तुमचे दोन महिन्यांत तेवढे होणारच नाहीत! म्हणून अपघाताच्या रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, मशीन आणि साक्षीदाराचं नाव लिहिलंय का, ते आजच बघा. पानाचा फोटो काढून ठेवा. विश्रांतीचं सर्टिफिकेट ईएसआयच्या दवाखान्यातूनच घ्या, मुदत संपायच्या आत पुढचं. मधे खंड पडला की तेवढे दिवस अडकतात. शेवटी कामावर रुजू होण्याचं 'फिट' सर्टिफिकेट.

बोट वाकत नसेल, तर ईएसआयच्या मेडिकल बोर्डाकडे (डॉक्टरांच्या समितीकडे) कायमच्या अपंगत्वासाठी अर्ज करा. ते पैसे वेगळे.