पियानो, जॅझ आणि प्लग : तुमचे प्रश्न

प्रश्न : हल्ली असे पियानिस्ट बरेच दिसतात की एकाच कार्यक्रमात आधी बाख, मग जॅझ आणि मध्येच टेक्नोचा, म्हणजे मशिनवर बनवलेल्या नाचाच्या संगीताचा ठोका. हे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या नाही का? असं करून कोणाचं करिअर झालंय का खरंच?

उत्तर : झालंय की, चांगलं दणदणीत झालंय. पण तुमची शंका अगदीच फुकट नाहीये, तिन्हीतलं थोडं थोडं उचलून पोस्टरवर ‘फ्यूजन’ लिहिणारेही ढिगाने आहेत. फरक कुठे पडतो ते सांगतो. व्हिएन्नाचा पियानिस्ट फ्रीडरिश गुल्डा घ्या. १९४६ साली सोळाव्या वर्षी जिनिव्हाची स्पर्धा जिंकला, बेथोव्हन आणि मोझार्टसाठी जगभर नाव, मार्था आर्खेरिचसारखी नामवंत पियानिस्ट त्याच्याकडे शिकली, म्हणजे क्लासिकलमध्ये कोणी बोट दाखवायची सोयच नाही. आणि हा माणूस १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात जाऊन जॅझ वाजवतो! व्हिएन्नातल्या जाणकारांनी नाकं मुरडली, पण याला काही फरक नाही, पुढे तर कार्यक्रमात काय वाजवणार ते आधी जाहीरच करायचा नाही. मोझार्ट ऐकायचाय ना, मग जे वाजवीन ते सगळं ऐका, असा खाक्या. शेवटी शेवटी टेक्नो डीजेंना बरोबर घेऊन कार्यक्रम केले. १९९९ मध्ये तर स्वतःच्या मरणाची खोटी बातमी पसरवली आणि नंतर ‘पुनरुत्थाना’चा कार्यक्रम ठेवला. खरा गेला तो २७ जानेवारी २००० ला, मोझार्टच्या वाढदिवशीच.

माझं म्हणणं एवढंच की त्याच्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या उभ्या राहू शकत होत्या. मोझार्ट ऐकताना कोणी म्हणायचं नाही की जॅझवाला आहे, सांभाळून घ्या. अमेरिकन जॅझ पियानिस्ट हर्बी हॅनकॉकचं पण तेच. अकराव्या वर्षी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टचा कन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायची रचना), १९६३ पासून जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याच्या बँडमध्ये, आणि १९८३ मध्ये ‘रॉकिट’ ही रचना, ज्यात सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य), ठोके देणारं ड्रम मशिन आणि डीजेचं रेकॉर्ड घासणं. त्याला ग्रॅमी मिळालं तेही आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) मध्ये! जॅझवाल्यांनी शिव्या घातल्या, पण साधा पियानो त्याने कधी सोडला नाही, दोन्हीकडचं काम समांतर चालूच ठेवलं. कॉलेजात सुरुवात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगने केली होती, त्यामुळे वायरींची भीती नव्हती हाही भाग आहे म्हणा.

प्रश्न : पण मशिनच सगळं वाजवत असेल तर पियानिस्टने करायचं काय? लॅपटॉप उघडला, बटण दाबलं, झालं.

उत्तर : असे कार्यक्रम मीपण ऐकलेत, त्यांच्याबद्दल भांडत नाही. पण नीट करायला गेलं तर उलट काम वाढतं. क्लासिकलवाल्याच्या हाताला लय ताणायची सवय असते, एखाद्या वळणावर जरा रेंगाळायचं, मग पुढे पळून भरून काढायचं. मशिन रेंगाळत नाही हो. मिनिटाला एकशे वीस ठोक्यांवर लावलं की एकशे वीस, तुम्ही सुरात हरवलात तरी ते पुढे गेलेलं असतं. मग दोनच रस्ते. एकतर मशिनला आपल्या मागे चालवायचं, म्हणजे पेडलने किंवा हाताने टेम्पो (लयीचा वेग) देत राहायचं, नाहीतर डावा हात मशिनला पक्का बांधून टाकायचा आणि ताणाताणी फक्त उजव्या हाताने करायची. हे दुसरं जॅझवाल्यांना सोपं जातं कारण ठेक्याच्या किंचित मागे राहून वाजवणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. क्लासिकलवाल्याला यात घाम फुटतो.

अजून एक बघण्यासारखं, पियानोतच घुसून वाजवणं. एक हात आत घालून तारा दाबून धरायच्या आणि दुसऱ्याने त्याच पट्ट्या वाजवायच्या. सूर गायब होतो, राहतो फक्त टक टक असा कोरडा ठोका, ड्रम मशिनसारखा, एकही वायर न लावता. लक्झेंबर्गचा फ्रान्सेस्को त्रिस्तानो ऐका. न्यूयॉर्कच्या ज्यूलियार्ड संगीतशाळेत शिकलेला, बाख वाजवणारा, पण डेट्रॉइटचं टेक्नो साध्या पियानोवर वाजवलंय त्याने, आणि पुढे त्याच डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्या कार्ल क्रेगबरोबर कामही केलं.

प्रश्न : इलेक्ट्रिक पियानो आणि खरा पियानो, आवाजापलीकडे फरक काय?

उत्तर : फेंडर रोड्स या इलेक्ट्रिक पियानोबद्दल बोलू, कारण ‘डिजिटल’ म्हणजे वेगळंच जनावर. रोड्समध्ये तार नसते. पट्टी दाबली की हातोडी एका बारीक धातूच्या काडीवर आपटते, काडी थरथरते आणि समोरचा पिकअप ती थरथर पकडून विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो, इलेक्ट्रिक गिटारसारखंच. हळू दाबलंत तर घंटीसारखं गोल, जोरात मारलंत तर गुरगुरतं. म्हणजे बोटांवर अवलंबून आहेच. हॅनकॉकची गोष्ट प्रसिद्ध आहे, १९६८ मध्ये स्टुडिओत आला तर पियानोच नाही, कोपऱ्यात हे पडलेलं आणि माइल्सने सांगितलं तेच वाजव. त्याला आधी खेळणंच वाटलं, वाजवल्यावर मत बदललं.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, पियानोच्या ग्रेडच्या परीक्षा देतेय. आता म्हणते सिंथेसायझर हवा, क्लासिकल बोअर होतं. सोडू द्यावं का?

उत्तर : सोडू नका, पण सिंथ पण घ्या की. दोन्ही एकमेकांचे शत्रू नाहीत. जपानी संगीतकार रियुइची साकामोटो टोकियोच्या कला विद्यापीठात रीतसर कंपोझिशन शिकला आणि १९७८ पासून यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या इलेक्ट्रॉनिक बँडमध्ये सिंथेसायझर घेऊन उभा होता, पुढे ‘द लास्ट एम्परर’च्या संगीतासाठी ऑस्करमध्ये वाटेकरी झाला. शिक्षण कुठे आड आलं?

घेताना एक बघा, सिंथच्या पट्ट्या बहुतेक हलक्या असतात, त्यावर रोजचा रियाज केला तर बोटांची ताकद जाते, म्हणून रियाज जड पट्ट्यांवरच. सिंथवर आधी तयार आवाज वाजवत बसू नको म्हणावं, फिल्टरचा (आवाजातला काही भाग गाळणारा) एक नॉब हाताने फिरवत काय बदलतं ते ऐक. आणि जॅझ हवं असेल तर पुस्तक कमी, रेकॉर्डिंग जास्त, एखादा छोटा सोलो ऐकून ऐकून जसाच्या तसा वाजवायचा. कंटाळवाणं आहे हे पण, तिला आधीच सांगून ठेवा. आणि दोन वर्षांनी म्हणाली की वायरी नकोत तरी वाईट वाटून घेऊ नका. पियानिस्ट कीथ जॅरेट माइल्सकडे इलेक्ट्रिक वाजवायचा, बाहेर पडला आणि त्या वाद्यांकडे पाठच फिरवली, बाख वाजवत राहिला.

प्रश्न : रात्री सराव केला की शेजारी भांडतात. उपाय?

उत्तर : जर्मनीचा पियानिस्ट निल्स फ्राम याच अडचणीत होता. त्याने हातोड्या आणि तारांच्या मध्ये फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) घातलं, माइक अगदी आत नेला आणि रेकॉर्डिंगच करून टाकलं, २०११ चा ‘फेल्ट’ अल्बम. त्यात पियानोच्या लाकडाची खटखट आणि त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. बऱ्याच अपराइट पियानोंना मधलं पेडल असतं ना, त्यातल्या कित्येकांत हेच होतं, फेल्टची पट्टी खाली येते. आधी तुमच्याकडे ते आहे का बघा, कापड आणायला नंतर जा.