एक ग्रॅमच्या दागिन्यांवर सोन्याचा मुलामा नेमका कसा चढतो? सोनं वितळवून त्यात बुडवतात का?

नाही. सोनं 1064 अंशांना वितळतं. त्यात बुडवलं तर पितळेची बांगडीच वितळून जाईल. इथे काम वीज करते.

आधी बांगडी पॉलिश करून तिचा तेलकटपणा पूर्ण काढतात. बोटाचा ठसा राहिला तरी तिथला मुलामा नीट धरत नाही. मग बहुतेक वेळा निकेलचा थर देतात, नाहीतर पितळेतलं तांबं हळूहळू सोन्यात झिरपून रंग उतरतो. शेवटी बांगडी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात सोडून बॅटरीच्या ऋण टोकाला जोडतात. द्रावणातले सोन्याचे आयन (विद्युतभारित कण) तिथे इलेक्ट्रॉन घेतात आणि धातू होऊन पृष्ठभागावर बसतात. थर जेमतेम मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग), अनेकदा त्याहूनही पातळ. म्हणून घासला जाणारा भाग आधी उघडा पडतो, बांगडीच्या कडा बघा.

हे द्रावण बहुधा सायनाइडचं असतं, त्यामुळे घरी नको ते उद्योग करू नका. हौस असेल तर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) पाण्यात विरघळवा, दीड व्होल्टच्या सेलच्या धन टोकाला तांब्याची तार आणि ऋण टोकाला स्टीलचा चमचा जोडा. काही मिनिटांत चमचा तांबूस होतो. घाई करून जास्त वीज सोडलीत तर मात्र काळपट, भुसभुशीत थर येतो, बोटाने पुसला जाणारा. (तो चमचा पुन्हा जेवणात वापरू नका, मोरचूद विषारी आहे.)

आणि कल्हई हा प्रकार वेगळा. तिथे तापलेल्या भांड्यावर कथील वितळवून फासतात, विजेचा संबंध नाही.